शाळा अंगणांत गेली तेव्हां

महाविद्यालयांत शिकविणाऱ्या मनुष्याच्या हातीं शिक्षणाच्या दीर्घ साखळीचा अगदीं शेवटचा दुवा येतो. आमच्या वर्गांत येणारे विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे असतात. ते हुशार असतात, कष्टाळू असतात आणि बहुधा विनयशीलहि असतात. परंतु व्याख्यानाच्या ओघांत एखादी रम्य आडवाट दिसली आणि तिनें चार पावलें जाऊन यावें असें आम्हांस वाटलें, कीं मागल्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो : ‘सर, हें परीक्षेला आहे का?’ या प्रश्नांत उद्धटपणा नसतो. असतो तो निव्वळ हिशेब. तो ऐकून आम्हांस राग येत नाहीं, वाईट वाटतें. कारण हाच विद्यार्थी तीन वर्षांचा असतां चंद्र आपल्याबरोबर कां चालतो, मुंगी झोंपते केव्हां, पाऊस कोठें सांठवून ठेवलेला असतो, असे प्रश्न विचारून त्यानें आपल्या आजीस भंडावून सोडलें असलें पाहिजे. त्या प्रश्नांना गुण नव्हते आणि त्यांचीं उत्तरें कोणी तपासणार नव्हतें. मग मधल्या पंधरा वर्षांत असें काय घडलें, कीं जाणून घेण्याची ती भूक मरून तिच्या जागीं केवळ गुणांची बेरीज उरली?

या प्रश्नाचें उत्तर देतांना महाविद्यालयें माध्यमिक शाळांकडे बोट दाखवितात, माध्यमिक शाळा प्राथमिक शाळांकडे, आणि प्राथमिक शाळा आईबापांकडे. हा आरोपांचा फेरा सोडून प्रस्तुत लेखांत आम्ही थोडें इतिहासाकडे वळणार आहों. लहान मुलांच्या ठिकाणीं विद्येची गोडी कशी उपजते आणि कशी टिकते, याचा एक मोठा प्रयोग गेल्या शतकांत आपल्याच मुलखांत, आपल्याच माणसांनीं करून दाखविला आहे. सुशिक्षित घरांत त्याची आठवण फारशी राहिलेली नाहीं, आणि जेथें राहिली आहे तेथें ती अर्धवट राहिली आहे.

आरंभ जुन्या पंतोजीच्या शाळेपासून केला पाहिजे. कोणाच्या तरी ओटीवर किंवा देवळाच्या ओवरींत भरणारी ती शाळा आज थट्टेचा विषय झाली आहे. मूल प्रथम धूळपाटीवर बसे. पाटीवर पसरलेल्या धुळींत त्याच्याकडून अक्षरें गिरवून घेतलीं जात. पुढें बोरू, दौत आणि मोडीचें वळण येई. संध्याकाळीं एका मोठ्या मुलानें सांगावें आणि बाकीच्यांनीं एका सुरांत म्हणावें, असा परवचा चाले : पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. या शाळेची निंदा करण्यापूर्वीं दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली ही, कीं वाळूंत अक्षरें गिरविण्याची आपल्या देशांतील रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडे अँड्र्यू बेल या पाद्र्याच्या पाहण्यांत आली. तिच्यावरून स्फूर्ति घेऊन आणि मोठ्या मुलांकडून धाकट्यांस शिकवून घेऊन त्यानें जी पद्धति बसविली, तिच्यावर विलायतेंतील गरिबांच्या किती तरी शाळा चालल्या. दुसरी ही, कीं पावकी-निमकी तोंडांत बसलेला मनुष्य जन्मभर बाजारांत हिशेबाला अडत नसे.

दोष रीतींत नव्हता, धाकांत होता. छडीवांचून विद्या नाहीं ही त्या शाळेची श्रद्धा होती. ओणवें उभें करणें, कोंबडा करणें, हातावर वळ उठविणें, हा नित्याचा पाठ असे. मूल शाळा चुकवून दडून बसलें तर त्याला धरून आणण्याकरितां वर्गांतील चार दांडगे मुलगे पाठविले जात. जेथें जाण्यासाठीं चौघांनीं उचलून न्यावें लागतें, त्या ठिकाणाची गोडी कोणास लागणार? शिकणें म्हणजे सोसणें, हा अर्थ अशा रीतीनें अक्षरांच्याहि आधीं मुलाच्या मनांत पक्का होई.

इंग्रजी अमदानींत छापील पुस्तकें आलीं, शाळाखातें आलें, तपासनीस आले. मुलांसाठीं स्वतंत्र वाङ्मयहि आलें. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ १८२८ सालीं निघालें. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक सुरू केलें. वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ पासून मुलांच्या हातीं पडूं लागलें. कित्येकांस वाचनाचें वेड लागलें तें या मासिकांमुळें; म्हणजे शाळेंत नव्हे, शाळा सुटल्यावर. आनंद घराच्या वाट्यास आला आणि अभ्यास शाळेच्या, ही वांटणी तेव्हांपासूनची आहे. शाळेंत पंतोजींच्या जागीं मास्तर आले, धूळपाटीच्या जागीं दगडी पाटी आली, परंतु छडी मात्र होती तेथेंच राहिली.

या श्रद्धेस मोठा धक्का बसला तो दूरदेशीं. त्याचा वृत्तान्त येथें थोडक्यांत देणें अवश्य आहे. कारण त्याचे पडसाद पुढें थेट ठाणें जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत येऊन पोंचले. रोम शहरांतील सान लोरेंझो नांवाच्या मजूरवस्तींत एका घरबांधणी कंपनीनें जुन्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले, कीं मागें राहिलेलीं मुलें जिने व भिंती खराब करीत. तीं एका खोलींत बसवून ठेवावीं, एवढाच मालकांचा हेतु. ही खोली १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस उघडली आणि तिची देखरेख मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंकडे आली. मंदबुद्धि समजल्या जाणाऱ्या मुलांसाठीं वापरलेलीं साधनें त्यांनीं या पन्नासएक मुलांपुढें ठेविलीं. एके दिवशीं सुमारें तीन वर्षांची एक मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. लहानमोठे लांकडी दट्टे बाहेर काढावयाचे, मिसळावयाचे आणि पुन्हां ज्याच्या त्याच्या खांचेंत बसवावयाचे, एवढेंच काम. बाईंनीं इतर मुलांस गाणें म्हणावयास लाविलें. मुलीस खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविलें. तिनें पेटी मांडीवर घट्ट धरली आणि आपलें काम चालूच ठेविलें. चाळीसांहून अधिक वेळां तेंच करून ती थांबली, तेव्हां थकलेली दिसली नाहीं. झोंप पुरी होऊन उठावी तशी प्रसन्न दिसली. तिला कोणीं शाबासकी दिली नव्हती आणि कोणीं दटाविलेंहि नव्हतें.

याच बाईंच्या शाळेंत पुढें मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवूं लागलीं. येथें क्षणभर थांबून पंतोजीची धूळपाटी आठवावी. बोट तेंच, गिरविणें तेंच, स्पर्शानें अक्षर ओळखणेंहि तेंच. अंतर एवढेंच, कीं धूळपाटीवर केव्हां बसावें आणि केव्हां उठावें हें पंतोजी ठरवीत. येथें तें मूल ठरवी. विद्येची गोडी या एवढ्याशा अंतरांत वास करते, असें आमचें मत झालें आहे, आणि पुढील हकीकतीनें त्यास पुष्टि मिळेल.

हा विचार महाराष्ट्रांत रुजला त्यास गुजरातचा मोठा हातभार लागला. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, हे काठेवाडांत वकिली करीत. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला. या मुलास शिकवावें कसें या विवंचनेंत असतां माँटेसरीबाईंचें लिखाण त्यांच्या हातीं आलें. विवंचना एका बापाची होती. तिच्यापायीं वकिली सुटली. १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर उघडलें. लोक त्यांना प्रेमानें ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकांतील लक्ष्मीराम मास्तर एका सरकारी शाळेचा चौथीचा वर्ग वर्षभरासाठीं मागून घेतात. पहिल्याच दिवशीं ते शांततेचा खेळ घेऊं पाहतात आणि वर्गांत एकच गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशीं ते गोष्ट सांगावयास बसतात, तेव्हां तींच मुलें जागचीं हलत नाहींत. प्रयोगाचा आरंभ फजितीनें होतो, यांतच त्या पुस्तकाचा खरेपणा आहे. मुलांची गोडी आपल्या टांचणाप्रमाणें चालत नाहीं, हें त्या मास्तरांनीं पहिल्या दिवशींच ओळखलें.

भावनगरच्या या कार्यास येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईंत, प्रार्थनासमाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकरांच्या घरीं झाला. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. संसार टिकला नाहीं. राजकोटास मुलींच्या अध्यापनविद्यालयाच्या मुख्य म्हणून मानाची जागा त्यांना मिळाली होती. ती सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरांत तीन वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसावयास गेल्या. पदवीधर बाईनें हें करावें, याचें त्या काळीं लोकांस केवढें नवल वाटलें असेल याची कल्पना आज येणें कठिण. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघूं लागली. १९३६ सालीं दादरला शिशुविहार उभा राहिला. १९३९ च्या जून महिन्यांत गिजुभाई वारले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत खुद्द माँटेसरीबाई मद्रासेस उतरल्या. ज्यानें त्यांचा विचार या भूमींत पेरला, त्याची व त्यांची भेट येथें व्हावयाची राहून गेली.

यावेळेपर्यंत बालशिक्षण मुख्यतः शहरांतील पांढरपेशा घरांत पोंचलें होतें. गुळगुळीत लांकडी साधनें महाग होतीं. तीं मांडावयास मोकळी, स्वच्छ खोली लागे. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या मजूरचाळींत झाला, ती मुंबईंत येऊन खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची ठेव होऊन बसली होती. ताराबाईंस हें डाचत होतें. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ सालीं, त्यांनीं शहर सोडलें आणि त्या डहाणूजवळ बोर्डी या किनाऱ्यावरील खेड्यांत ग्रामबालशिक्षणाचें काम मांडून बसल्या.

येथें जें घडलें तें आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें पान होय. बालवाडी उघडली, पण हरिजनवस्तींतील मुलें येईनात. आईबाप पहांटे कामावर जात. मुलांस न्हाऊं घालून, कपडे करून वेळेवर पाठवील कोण? शिवाय शाळा ही आपल्यासाठीं नव्हेच, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. एखाद्या शाळाखात्यानें अशा वेळीं ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारून वही मिटली असती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं उलट केलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, असें म्हणून त्या वस्तींत गेल्या आणि घरापुढच्या अंगणांतच शाळा मांडली. अंगण झाडणें हा पहिला पाठ. हातपाय धुणें, केंस विंचरणें हा दुसरा. मग गाणें, गोष्ट आणि काम. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले आले, गोटे आले, बिया, पानें आणि माती आली. लहानमोठे शिंपले ओळीनें लावतांना मुलास जें कळतें, तें पॉलिश केलेल्या दट्ट्यांनीं कळतें त्याहून तिळभरहि कमी नसतें. या शाळेचें नांव पडलें ‘अंगणवाडी’.

अनुताईंची थोडी ओळख करून देणें येथें अगत्याचें आहे. त्यांचा जन्म १९१० सालीं मोरगांव येथें झाला. तेराव्या वर्षीं लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. अशा मुलीच्या वाट्यास त्या काळीं काय येत असे, हें वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या शिकल्या, पुण्यांत शिक्षिका झाल्या, आणि १९४५ सालीं ताराबाईंबरोबर बोर्डीस गेल्या त्या जन्मभरासाठीं. नोकरी सांभाळून त्या परीक्षा देत राहिल्या आणि पन्नाशी उलटल्यावर बी. ए. झाल्या. विद्येची गोडी दुसऱ्यास लावणाऱ्याला ती स्वतःला असावी लागते, या सूत्रास याहून बोलकें भाष्य कोणतें?

१९५७ च्या सुमारास हें काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वस्ती वारल्यांची. मुलें गुरें-शेळ्या घेऊन रानांत जात. अंगणांतहि तीं सांपडत नसत. मग शिक्षक झोळींत साधनें घेऊन कुरणांत जाऊं लागले. गुरें चरत असतां झाडाखालीं भरणाऱ्या या शाळेस ‘कुरणशाळा’ म्हणूं लागले. दुसरी अडचण मुलींची. सातआठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटें भावंड घेऊन हिंडे. तें टाकून ती शाळेंत कशी येणार? तेव्हां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकमेकांस लागून ठेवण्यांत आलीं, आणि या योजनेस ‘विकासवाडी’ नांव मिळालें. बहीण भावंडास पाळणाघरांत ठेवी आणि पलीकडे जाऊन शिके. या तिन्ही नांवांचा क्रम पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. प्रत्येक वेळीं अडचण आली ती मुलाची म्हणून मोजली नाहीं. ती शाळेची म्हणून मोजली, आणि बदल शाळेनें स्वतःमध्यें केला.

आमच्या वाचकांपैकीं कांहींजण येथें हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. मुलाच्या कलानें घेतलें तर तें श्रम करावयास शिकेल का? पाढे पाठ करावयास कंटाळा येतो म्हणून ते सोडूनच द्यावयाचे काय? आम्हीहि बरींच वर्षें या शंकेच्या बाजूनें बोलत असूं. परंतु रोमच्या त्या मुलीनें चाळीसांहून अधिक वेळां जें केलें, त्यास श्रम नव्हे तर काय म्हणावें? इतकी घोकंपट्टी कोणा पंतोजीसहि छडीच्या जोरावर तीन वर्षांच्या मुलाकडून करून घेतां आली नसती. लहान मूल श्रमांस कंटाळत नाहीं, निरर्थकतेस कंटाळतें. पायऱ्या चढतांना तें त्याच त्या पायरीवर दहा वेळां चढउतार करतें, तेव्हां थकतों आपण, तें नव्हे. ज्या वयांत जें हवेंसें वाटतें त्या वयांत तें हाताशीं असूं देणें, आणि ज्या वयांत बोटांस पेन्सिल पेलत नाहीं त्या वयांत ती हातांत न कोंबणें, एवढाच या पद्धतीचा आग्रह आहे. परवच्याचा सूर मुलांना मुळांत आवडतोच. त्याला भीतीची जोड दिली म्हणून तो नकोसा झाला.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. १९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण मिळालें; १९७३ सालीं त्या वारल्या. दोनच वर्षांनीं, १९७५ च्या २ ऑक्टोबरास, केंद्रसरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस नांव दिलें अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तींत जन्मलेला हा शब्द आज देशांतील खेडोपाडीं पोंचला आहे. अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री मिळाली आणि १९९२ सालीं त्यांचें देहावसान झालें.

शब्द जिंकला, परंतु अर्थाचें काय झालें? मध्यमवर्गीय घरांत आज ‘माँटेसरी’ हा शब्द भारी शुल्काचा दर्शक झाला आहे आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गरिबांच्या मुलांस खाऊ मिळण्याच्या जागेचा. या दोन शब्दांची सोयरीक आपण पार विसरलों. पहिला शब्द मजूरचाळींतून आला आणि दुसरा त्याच विचाराचा आपल्या मातींत वाढलेला कोंब आहे, हें जर लक्षांत राहिलें असतें तर श्रीमंत शाळेनें अंगणवाडीकडून साधेपणा घेतला असता आणि अंगणवाडीसाठीं अधिक माणसें व अधिक वेळ आपण मागितला असता. तसें न होतां, जेथें पैसा आहे तेथें कित्येक ठिकाणीं तीन वर्षांच्या मुलांकडून वह्या भरून घेतल्या जातात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळाप्रवेशासाठीं मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. परंतु तो कायदा मुख्यतः सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें एकाच पायाभूत टप्प्यांत धरलीं, आणि त्या टप्प्यांत खेळास मानाचें स्थान दिलें. ताराबाई जें सांगत होत्या तें कागदावर आलें. कागदावरून घरांत येणें मात्र सरकारच्या हातीं नाहीं. तें आपल्या हातीं आहे.

आणि घरांत काय होतें याविषयीं आम्हांस दुसऱ्यास शिकविण्याचा फारसा अधिकार नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आमची कन्या साडेतीन वर्षांची असतां एका संध्याकाळीं आम्ही तिला अक्षर गिरवावयास बसविलें होतें. शेजारच्या मुलीस बाराखडी येत होती, आणि प्राध्यापकाच्या घरांत ती येऊं नये याची आम्हांस लाज वाटत होती. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग साखरेचा कण ओढीत चालली होती. तिनें विचारलें, ‘बाबा, त्यांना रस्ता कोण सांगतं?’ आम्हीं उत्तर दिलें, ‘आधीं पान पुरं कर.’ तिनें पान पुरें केलें. अक्षरेंहि बरीं आलीं होतीं. मान वर करीपर्यंत मुंग्या निघून गेल्या होत्या, आणि तिनें तो प्रश्न पुन्हां विचारला नाहीं.

पुढें अनेक वर्षांनीं अनुताईंविषयीं वाचीत असतां ती संध्याकाळ आम्हांस आठवली. त्या अंगणांत कोणी असा प्रश्न विचारला असता तर अनुताईंनीं पाटी बाजूस ठेवून सगळा वर्गच भिंतीपाशीं नेला असता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ‘सर, हें परीक्षेला आहे का?’ असें आम्हांस विचारणाऱ्या मुलांवर रागावण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे तें तेव्हांपासून. तो प्रश्न त्यांचा नव्हे. आमच्याच उत्तराचा तो प्रतिध्वनि आहे.

विद्येची गोडी लावावी लागते असें आपण म्हणतों. आमच्या अल्प अनुभवावरून आणि या इतिहासावरून वाटतें तें असें, कीं ती मुलाजवळ असतेच; आपण ती मोडूं नये, एवढेंच मागणें आहे. आज संध्याकाळीं घरांतलें लहान मूल कांहीं विचारावयास आलें, तर हातांतलें हें मासिक वाचकांनीं खुशाल बाजूस ठेवावें.